चारातली एक गोळी गाळू नका

एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या, टीबीचे रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक प्रश्न हमखास विचारतात. “डॉक्टर, खोकला गेला, वजनही भरलं. ती एक गोळी तेवढी सोसत नाही. ती सोडून बाकीच्या घेऊ का?” मनाने तर मुळीच नाही.

फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात. त्यांत आयसोनियाझिड या टीबीच्या नेहमीच्या औषधाला न जुमानणारा एखादा, साधारण दहा लाखांत एक, औषध सुरू होण्याआधीपासूनच असतो. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि त्याची पिलावळ माजते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच दिसलं. रुग्ण आधी झपाट्याने सुधारले, पुढे अनेकांच्या जंतूंवर औषध चालेना. दोन-तीन औषधांना एकदम चकवणारा जंतू मात्र क्वचितच सापडतो. म्हणून गोळ्या जोडीने द्यायच्या. एक गाळली की उरलेल्यांवर भार येतो, आणि त्यातलं बेडाक्विलिन हे औषध हातचं गेलं तर पुढचे पर्याय फार थोडे उरतात.

पूर्वी हे उपचार दीड-दोन वर्षं चालत. कॅनामायसिनच्या सुयांनी कित्येकांचे कान गेले. आता पात्र रुग्णांना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा साधारण २६ आठवड्यांचा कोर्स मिळतो, सुईशिवाय. भारतात त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि १४ वर्षांखालची मुलं यांच्यासाठी योजना वेगळी असते.

‘न सोसणारी’ गोळी बहुधा लिनेझोलिड असते. तळपायाला मुंग्या, जळजळ, चालताना चप्पल निसटली तरी न कळणं, ही तिच्या त्रासाची लक्षणं. ती तेव्हाच सांगा. डोस कमी करायचा की गोळी थांबवायची, ते आम्ही ठरवतो. एकेक डोळा झाकून पंचांगातली बारीक अक्षरं वाचून पाहा. धूसर दिसलं किंवा लाल-हिरवा रंग फिका वाटला तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. या औषधाने रक्तही कमी होतं, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. छातीत धडधड, चक्कर आली तर ईसीजी लागतो. डोळे पिवळे झाले तर यकृत तपासायचं. दारू पूर्ण बंद, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण विचारणारे भेटतात.

बेडाक्विलिन जेवणाबरोबर घ्या, उपाशीपोटी ते अंगी नीट लागत नाही. ॲसिडिटीचं औषध किंवा लोहाची गोळी मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या जवळपास नको. किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. नैराश्यावरची औषधं चालू असतील तर आधी सांगा, लिनेझोलिडशी त्यांतल्या काहींचं जमत नाही. तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर टीबीचा कागद त्यांच्यासमोर ठेवा.

गावी गेल्यामुळे गोळ्या चुकल्या? किती दिवस चुकल्या ते टीबी केंद्रावर खरं सांगा. कुणी रागावणार नाही. (रागावलंच तर ऐकून घ्या.) चुकलेले डोस शेवटी जोडून देता येतात, पण खाडा मोठा असेल तर थुंकीची तपासणी पुन्हा करून उपचार नव्याने ठरवावे लागतात.