‘बोर्डिंग’ या शब्दाची कुळकथा

‘बोर्डिंग’ हा शब्द आपल्या बोलण्यांत इतका रुळला आहे कीं, तो परका असल्याची आठवणही कोणास होत नाहीं. ‘मुलाला बोर्डिंगांत घातलें’ असें खेड्यांतील बाप म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत मुख्यतः राहण्याची जागा असते. मूळ अर्थ मात्र निराळा आहे.

जुन्या इंग्रजींत ‘बोर्ड’ म्हणजे लांकडाची फळी. मध्ययुगांत तिकडील मोठ्या घरांतून जेवणाच्या वेळीं लांकडी घोड्यांवर लांब फळ्या मांडीत व जेवण आटोपतांच उचलून ठेवीत. त्यामुळें फळीस मेजाचा अर्थ आला आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास मेजावरील अन्नाचाही आला. मोल देऊन परक्या घरीं नित्य जेवणारा तो ‘बोर्डर’. मेजाभोंवतीं बसून विचार करणाऱ्या मंडळीसही ‘बोर्ड’च म्हणूं लागले, आपल्याकडील स्कूल बोर्ड व लोकल बोर्ड हीं नांवें त्याच फळीचीं. आपण फळीवर बसून जेवतों, ते फळीवर ठेवून जेवतात, एवढाच काय तो भेद!

आपला ‘वसतिगृह’ शब्द ‘वस्’ म्हणजे राहणें या धातूवरून झाला. जेवणाविषयीं तो मौन धरतो. परंतु महाराष्ट्रांत खरी अडचण होती ती पंगतीचीच. खेड्यांतील मुलानें शहरांत शिकावयाचें, तर राहावें कोठें आणि जेवावें कोणाच्या हातचें? हा प्रश्न ओळखून शाहू महाराजांनीं इ. स. १९०१ पासून कोल्हापुरास मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत इत्यादि समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. अस्पृश्य मानलेल्या वर्गांतील मुलांसाठींही एक निघालें. तथापि समाजागणिक चूल निराळीच राहिली.

त्यांपैकीं जैन बोर्डिंगांत भाऊराव पाटील शिकत होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचें स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें, म्हणून त्यांस तेथून निघावें लागलें. त्यांनीच पुढें १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढिलें. तेथें सर्व जातींचीं मुलें मिळून स्वयंपाक करीत व एका पंगतीस बसत. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास ‘श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस’ हें नांव मिळालें. फळीचा तो जुना अर्थ येथें पुरतेपणीं लागू पडला, असें मला वाटतें. मुलांच्या अन्नाची टंचाई पडली, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपलें मंगळसूत्रही त्यासाठीं दिलें.