अंग चोळल्यानं मन थाऱ्यावर येतं का?

(आयुर्वेद महाविद्यालयात बालरोग शिकवून निवृत्त झालेली आत्या आणि धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात शिक्षक असलेला तिचा भाचा.)

भाचा : आत्या, आमच्या पोराचं काय करावं कळंना झालंय. पाच वर्षांचा झाला, पण एका जागी बूड टेकत नाही. बालवाडीच्या बाई म्हणतात, गोष्ट अर्धी ऐकतो आणि उठून पळतो. परवा मोबाईलवर एक चिनी आई दिसली, पोराची बोटं चोळत होती. म्हणे यानं चंचल मुलं शांत होतात. खरं का हे?

आत्या : पद्धत खरी आहे, जुनी आहे. दावा मात्र तपासून घ्यावा लागेल. त्याला तुईना म्हणतात, आणि लहान मुलांसाठी त्याची वेगळी शाखाच आहे. १६०१ साली छापलेल्या ‘झेनजिऊ दाचेंग’ या ग्रंथात मुलांच्या मर्दनावर स्वतंत्र भाग आहे. तो ग्रंथ खरा सुया टोचण्याच्या उपचाराचा, पण मुलांना सुया कोण टोचू देणार? तिथं हातच वापरायचे.

भाचा : पण बोटंच का चोळायची?

आत्या : त्यांच्या मते लहान मुलाच्या हातावर सगळं शरीर वाचता येतं. अंगठा प्लीहेचा, तर्जनी यकृताची, मधलं बोट हृदयाचं, अनामिका फुप्फुसाची, करंगळी मूत्रपिंडाची. चिडक्या, चंचल मुलाचं यकृत आणि हृदय तापलंय असा हिशेब, म्हणून त्या बोटांवरून ठरलेल्या दिशेनं अंगठा फिरवायचा. भुवयांच्या मधोमध सुरुवात करून कपाळावर केसांपर्यंत दोन्ही अंगठे आळीपाळीनं न्यायचे. आणि पाठीवर तर पाहण्यासारखं काम असतं. माकडहाडापासून मानेपर्यंत कातडी चिमटीत धरून पुढं सरकवत जायचं, तीन चिमट्या झाल्या की एकदा हलकं वर उचलायचं. पोरं खिदळतात त्याला.

भाचा : अंगठ्याचा आणि प्लीहेचा खरंच संबंध आहे?

आत्या : शरीरशास्त्रात तशी वाट कुठं दिसत नाही. आमच्या वात-पित्तालाही मी हाच प्रश्न विचारत आले. वर्गात काहींना आवडायचं नाही.

भाचा : मग थोतांडच म्हण की सरळ.

आत्या : एवढी घाई करू नकोस. कारण चुकीचं सांगितलं म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. आपल्या कातडीत काही बारीक मज्जातंतू असे आहेत की ते सावकाश, हळुवार स्पर्शालाच जास्त दाद देतात. सेकंदाला तीन ते पाच सेंटिमीटर, साधारण त्या वेगानं हात फिरला की त्यांचा संदेश मेंदूतल्या भावनेशी जोडलेल्या भागाकडं जातो. आई नकळत त्याच वेगानं कुरवाळते. घाईघाईत खसाखसा चोळलं तर ते साधत नाही.

भाचा : पण लक्ष लागणं ही तर वेगळी गोष्ट.

आत्या : हां, इथं जपून बोलायला हवं. अमेरिकेत मायामीला स्पर्शावर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिथल्या टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अवधानाची अडचण असलेल्या किशोरवयीन मुलांवर प्रयोग केला. काहींना मालिश, काहींना अंग सैल सोडण्याचे व्यायाम. मालिशवाली मुलं जास्त खूश दिसली, त्यांची चुळबुळ घटली, शिक्षकांनीही बरं मत दिलं. पण मुलं मोजकी आणि दिवस थोडे. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी तर तुझ्या पोराच्या वयाच्या मुलांच्या पालकांना तुईना शिकवून घरीच करायला लावली. तीही छोटी, प्राथमिक चाचणी. त्यावरून ‘बरं होतं’ असं छातीठोक सांगणारा माणूस एक तर भाबडा, नाही तर काहीतरी विकणारा.

भाचा : आपल्याकडं कुणी अभ्यास केलाय का?

आत्या : चंचलपणावरचा मी सांगत नाही, पण तान्ह्या बाळांवरचा एक सांगते. मुंबईच्या सायन रुग्णालयातला, २००५ साली प्रसिद्ध झालेला. काही बाळांना खोबरेल तेलाची मालिश, काहींना खनिज तेलाची, काहींना नुसत्या पावडरीची. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं वजन खोबरेल तेलानं जास्त भराभर वाढलं. पण बाळांचं वागणं, प्रतिसाद तपासले तेव्हा तिन्ही गटांत फरक निघाला नाही. म्हणजे अंगाला लागलं ते डोक्याला लागेलच असं नाही. म्हाताऱ्या बायका म्हणतात ना, टाळू भरली की पोर हुशार निघतं? त्याला आधार नाही.

भाचा : माझ्या पोराला तर वर्षभर चोळलंय. करडईचं तेल कोमट करून, पायावर घेऊन, वर ओव्याची धुरी.

आत्या : कुणी चोळलं?

भाचा : न्हाऊ घालणारी मावशी यायची. नंतर आईनं.

आत्या : बघ, आपली रीत इथंच थांबते. पोर चालायला लागलं की तेल दिवाळीच्या पहाटेवर गेलं. चिनी पद्धत मात्र सहा-सात वर्षांपर्यंत चालते, म्हणजे लक्ष न लागणं ज्या वयात शिक्षकाच्या डोळ्यावर येतं, त्याच वयात. दुसरं, आपल्याकडं ते काम बाईच्या हातचं, तेही बहुतेक दुसऱ्याच बाईच्या. बापाचा हात पोराच्या अंगाला लागतो कधी? उचलायला, नाही तर धपाटा घालायला. मला विचारशील तर त्या चिनी बोटांच्या नकाशापेक्षा ‘रोज, आई-बापानं, स्वतःच्या हातानं’ हा भाग उचलण्यासारखा आहे.

भाचा : मग मी काय करू? रोज रात्री चोळू?

आत्या : चोळ की. झोपायच्या आधी, जेवण होऊन तास-दोन तास झाल्यावर. दहा-पंधरा मिनिटं पुरे. फोन दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद. आधी त्याला विचार, ‘पाठ की पाय?’ अशा काही मुलांना हलका स्पर्श गुदगुल्या केल्यासारखा नकोसा होतो, त्यांना तळहात टेकवून भरीव दाब दे. नको म्हणाला तर सोड. ताप, पुरळ, जखम असेल तेव्हा हात लावायचा नाही. पाठीची चिमटी जमत नसेल तर राहू दे, नुसता हात फिरव. आणि तो शांत पडला नाही म्हणून रागवायचं नाही. मालिशचीही शिक्षा झाली तर काय उरलं?

भाचा : एवढ्यानं भागेल?

आत्या : नाही, आणि हे नीट ऐक. आधी त्याला खरंच ती अवधानाची अडचण आहे का ते बघावं लागेल. पाच वर्षांचं पोर पळणारच. सहा महिन्यांहून जास्त काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडं, वयाच्या मानानं फारच आणि त्यामुळं कामं अडतायत, असं असेल तरच ते नाव द्यायचं. त्याआधी कान तपास. झोप किती होते ते बघ. ऐकू कमी येणारं पोरही गोष्ट अर्धी टाकून पळतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की चार ते सहा वर्षांच्या मुलाला पहिला उपाय गोळी नाही, आई-बापांचं प्रशिक्षण. सूचना एका वेळी एकच द्यायची, चांगलं वागला की तिथल्या तिथं बोलून दाखवायचं, दिनक्रम ठरलेला ठेवायचा. मालिश त्या दिनक्रमातला एक भाग होऊ शकते, त्याच्या जागी येऊ शकत नाही.

भाचा : तपासणी कुठं करायची? पुण्या-सोलापूरला जायचं म्हणजे...

आत्या : सुरुवात गावातच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम माहितीय ना? २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. ज्या तीस आजार-अडचणींसाठी मुलं तपासायची त्यांच्या यादीत अवधानाची ही अडचणही आहे. पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवण्याची सोय त्यातच आहे. पण पथकापुढं रोज मुलांची रांग असते. वजन, दात, डोळे यांत वेळ जातो, आणि चंचल पोर दोन मिनिटं डॉक्टरसमोर गप्प उभं राहतं. तुम्ही शिक्षकांनी बोट दाखवल्याशिवाय ते सापडत नाही.

भाचा : खरं सांगू? माझ्या वर्गात याहून अवघड एक पोरगा आहे. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर उसाला जातो, परत येतो ते मार्च-एप्रिलला. बाकीचे मास्तर त्याला वांड म्हणून मागं बसवतात.

आत्या : आणि पथक कधी येतं तुमच्याकडं?

भाचा : गेल्या वर्षी पौषात आलं होतं.

आत्या : म्हणजे तो फडावर असताना. त्याच्या आईला दिवसभर मोळ्या बांधून झाल्यावर तुईना शिकवणार आहेस का? त्यापेक्षा आजच पथकाच्या डॉक्टरांना फोन लाव. टोळी निघायच्या आत त्याची तपासणी करून घ्या म्हणावं, आणि वर्गात काय काय बघितलंस ते कागदावर लिहून दे. कान आधी तपासायला सांग, त्याचेही आणि तुझ्या पोराचेही.