वजनकाटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

शाळेच्या वैद्यकीय तपासणीत तुमची उंची आणि वजन यांची नोंद होते. हे दोन आकडे सुटे ठेवले तर त्यांतून पोषणाविषयी फारसे कळत नाही. उंच मुलाचे वजन जास्त असणारच! म्हणून किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. येणाऱ्या आकड्याला शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन शास्त्रज्ञ केटले याची.

समजा, १३ वर्षांच्या एका मुलाची उंची १४५ सें.मी. आणि वजन ३५ कि.ग्रॅ. आहे. १.४५ चा वर्ग २.१०२५. त्याने ३५ ला भागले की १६.६ येतात. आता दवाखान्यातला तक्ता सांगतो, १८.५ च्या खाली म्हणजे कृश. मग हा मुलगा कृश आहे का?

मुळीच नाही. तो तक्ता प्रौढांचा आहे. वाढीच्या वयात हा निर्देशांक दरवर्षी बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ५ ते १९ वर्षे वयासाठी तक्ते दिले. त्यांत १३ वर्षांच्या मुलांचा मध्यक सुमारे १८.२ आहे; म्हणजे निम्मी मुले याच्या खालीच असतात. प्रौढांचा नियम लावला तर निम्म्याहून अधिक वर्ग कृश ठरेल! या वयाला कृशतेची सीमा १४.९ च्या आसपास आहे. मुलींचे तक्ते वेगळे असतात, कारण त्यांच्या वाढीची झेप सुमारे दोन वर्षे आधी येते.

मोजमाप मात्र काटेकोर हवे. पायांत बूट राहिले आणि उंची २ सें.मी. जास्त भरली, तर वरचा १६.६ हा आकडा १६.२ वर येतो. पाय उघडे, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर आणि डोक्यावर पुस्तक भिंतीशी काटकोनात, अशी उंची घ्यावी. शिक्षकांना एक विनंती: आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. चिडवण्याच्या भीतीने काही मुली जेवणच कमी करतात.

निर्देशांक ठीक असला म्हणजे पोषण ठीक, असेही नाही. लहानपणापासून कमी खायला मिळालेल्या मुलाची उंचीच खुंटते; वजनही त्याच मानाने कमी, त्यामुळे भागाकार व्यवस्थित येतो! म्हणून वयानुसार उंची वेगळी पाहावी लागते.

रक्तक्षय तर काट्याला दिसतच नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. या वयात १०० मि.लि. रक्तात हिमोग्लोबिन मुलींमध्ये १२ ग्रॅमपेक्षा आणि मुलांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. त्यासाठी रक्तच तपासावे लागते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले तर तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी.