शिबिरानंतर त्या मुलाचे काय झाले?



मागील अंकात उन्हाळी शिबिराचे वृत्त वाचून काहींनी विचारले, की मुलांचे फोटो का छापले नाहीत? ज्या १८ वर्षांखालील मुलांवर गुन्ह्याचा आरोप असतो त्यांना कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असे काहीही छापता येत नाही. छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून प्रार्थनासभेत विनंती मांडतानासुद्धा मुलाचे नाव आणि पाडा सांगू नये, ही माझी कळकळीची सूचना.

दुसरा प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. शिबिराचा उपयोग झाला का? खरे सांगायचे तर आम्हीही तो विचारला नव्हता. शेवटच्या रात्री मुलांनी उभे राहून आभार मानले, दोघे रडले, ते आम्ही लिहून पाठवले आणि आपणा सर्वांना बरे वाटले.

या बाबतीत एक जुना अभ्यास आपण सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही दोन शेजारची शहरे आहेत. मुलगे वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून डॉ. रिचर्ड कॅबट यांनी आखलेला उपक्रम तेथे १९३९ मध्ये सुरू झाला. ५०६ मुलगे निवडून, सारख्या परिस्थितीतील दोघादोघांच्या जोड्या लावल्या. नाणे उडवून जोडीतील एकाला मदत द्यायची, दुसऱ्याला नाही, असे ठरले. मदत मिळालेल्या मुलाच्या घरी समुपदेशक नियमित जात. अभ्यासात साहाय्य, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे, सर्व काही होते, तेही सरासरी पाच वर्षे.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ती मुले, म्हणजे आता प्रौढ झालेली माणसे, शोधून काढली. १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक म्हणाले, आमचे भले झाले. म्हणजे साक्षी उत्तम होत्या! पण जोडीदारांशी तुलना केली तेव्हा मदत मिळालेल्यांतच पुन्हा गुन्हा करणारे, दारूच्या आहारी गेलेले आणि अकाली मरण पावलेले जास्त निघाले. पुढे आणखी खोलात गेल्यावर दिसले, की नुकसान मुख्यतः एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला पाठवलेल्या मुलांचे झाले होते. भरकटलेली मुले एकत्र आली की एकमेकांसमोर फुशारकी मारतात आणि एकमेकांकडून शिकतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

हे वाचल्यावर मी आमच्या शिबिरातील एका मुलाला सहज विचारले, तिथे काय शिकलास? तो हसून म्हणाला, "चावीशिवाय मोटारसायकल चालू करायला." रात्री दिवे मालवल्यावर मुले काय बोलतात, हे आम्ही कधी ऐकलेच नव्हते. तो मुलगा शेवटच्या रात्री रडलेल्या दोघांपैकी एक.

मग या मुलांना खरी गरज कशाची आहे? कायद्यानुसार जामीन हा नियम आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती पाहून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतात. हे सारे चांगलेच आहे. पण पाडा दूर, मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी. तारखेला जायचे तर बापाची दिवसाची मजुरी बुडते. कुटुंब वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेले की तारीख चुकते आणि कागदावर मुलगा गैरहजर ठरतो. पळून गेला, असेच वाटते. तो मात्र आईबापांसोबत विटा वाहत असतो.

म्हणून यंदापासून घोळका नाही. एका मुलामागे एक प्रौढ माणूस, शक्यतो त्याची बोली जाणणारा. परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या संमतीने घरी जाणे, पालकांसोबत तारखेला जाणे, शाळेत पुन्हा नाव घालणे, एवढेच काम. उपदेश कमी केला तरी चालेल.

आणि नोंदवही. ती कुलपात राहील आणि तिच्यात नावाऐवजी क्रमांक असेल. सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तेच प्रश्न: किती तारखांना हजर, शाळेत किंवा कामावर किती दिवस, नवा गुन्हा नोंदला का, संध्याकाळी कोणासोबत असतो. मध्येच सोडून गेलेल्याचा क्रमांक खोडायचा नाही. उलट त्याचाच शोध आधी घ्यायचा, कारण गोड साक्षी नेहमी थांबलेली मुलेच देतात. आपल्याकडे मुले मोजकी, नाणे उडवणे जमणार नाही. तरी एक भान ठेवावे: बरीच मुले वाढत्या वयात आपणहून सावरतात. त्यांचे श्रेय आपल्या खात्यात लिहू नये. वर्षाने आकडे निराशाजनक आले तर तेही याच पानावर छापू, असे समितीने मान्य केले आहे. (थोडी चर्चा झाली, पण मान्य केले.)

शिबिरासाठी जमा झालेली रक्कम आता एसटीचे भाडे आणि पालकांची बुडालेली मजुरी यांसाठी वापरू. देणगीदारांपैकी कोणाची हरकत असल्यास कळवावे. तारखा कामाच्या दिवशी असतात, त्यामुळे सेवानिवृत्त बंधुभगिनींची विशेष गरज आहे. बारा मुलांपैकी पाच जणांना सोबती मिळाले आहेत.