मनातल्या बेटाचं पुस्तक : गोंदियातून काढायचं तर कुठे, कसं आणि कितीत?

वहीत तुमचं बेट तयार आहे. कुठल्या खाडीत कोळ्यांची वस्ती, डोंगरापलीकडे कोण राहतं, बेटावर राजा आहे की पंचायत, लग्नात काय वाजवतात, हे सगळं ठरलंय. नकाशाही काढलाय. आता त्याचं पुस्तक व्हायला हवं, आणि ते कोणी ढापूही नये. गोंदिया, तिरोडा, देवरी, अर्जुनी-मोरगाव, जिल्ह्याच्या आठांपैकी कुठल्याही तालुक्यात असा, काम घरबसल्या होतं.

आधी पैशांचं बोलू. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा तेरा आकडी क्रमांक, तो फुकट मिळतो. मजकुराची कॉपीराइट नोंदणी 500 रुपयांत होते. नकाशाची वेगळी करायची असेल तर आणखी 500. या दोन नोंदींचा सरकारी खर्च इथेच संपला. या दोन कामांसाठी कोणी ‘संपूर्ण पॅकेज’ म्हणून हजारोंनी मागत असेल, तर तो फक्त फॉर्म भरण्याची मजुरी घेतोय. ती द्यायची तर जरूर द्या, पण सरकारी फी म्हणून देऊ नका. पावती मागा.

बेटावरचं नेमकं काय तुमचं?

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबू. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच स्पष्ट केलं. म्हणजे ‘ज्या बेटावर दर पावसाळ्यात नवा मुखिया चिठ्ठीने निवडतात’ ही कल्पना दुसराही वापरू शकतो. पण ती निवडणूक तुम्ही ज्या शब्दांत, ज्या पात्रांतून, ज्या प्रसंगातून रंगवली, ते सगळं तुमचं. म्हणून बेटाच्या कारभाराची दोन पानी टिपणं नोंदवून फारसं काही हाती लागत नाही. प्रकरणं पूर्ण लिहा. वस्त्यांची वर्णनं, रूढी, पंचायतीचे नियम, बोलीतले शब्द हे सगळं एका हस्तलिखितात आणा आणि मग ते नोंदवा. मजकूर जितका भरीव, तितकं संरक्षणही भरीव.

हाच नियम तुमच्याही उपयोगाचा आहे. थॉमस मोअरच्या 1516 सालच्या ‘युटोपिया’त बेटावर 54 शहरं आहेत आणि सगळीकडे एकच कायदा. तशी व्यवस्था तुम्ही खुशाल घ्या. मराठी कादंबरीकार नाथमाधव 1928 साली गेले, त्यांची पुस्तकं केव्हाच मुक्त झाली. मात्र ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोलकीनची पात्रं आणि मजकूर उचलू नका. ते 1973 साली वारले, आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क टिकतो, म्हणजे 2033 संपेपर्यंत.

बेटाचं नुसतं नाव कॉपीराइटमध्ये बसत नाही. पुढे त्याच नावाने बोर्ड गेम किंवा टी-शर्ट काढायचे असतील तर ट्रेडमार्क लागतो. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे 4,500 रुपये पडतात. पुस्तकं वर्ग 16 मध्ये येतात, खेळ वर्ग 28 मध्ये. पहिलं पुस्तक विकलं जाण्याआधी या खर्चात पडू नका. ‘नाव आत्ताच लॉक करा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या.

कॉपीराइट : कागद आणि दिवस

हक्क लिहिल्या क्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण उद्या कोर्टात जायची वेळ आली तर नोंदणीचा दाखला प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. त्यासाठी 500 रुपये जास्त नाहीत.

कार्यालय दिल्लीत, द्वारका सेक्टर 14 मध्ये आहे. जायची गरज नाही. नागपूरला फाइल घेऊन धावायचीही नाही, तिथे ही नोंदणी होत नाही. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडा, फॉर्म 14 भरा, हस्तलिखिताची पीडीएफ आणि ओळखपत्र जोडा, सही स्कॅन करून चढवा, फी ऑनलाइन भरा. पुस्तक छापण्याआधीच, ‘अप्रकाशित’ म्हणून अर्ज करणं सोपं. छापून झाल्यावर केलात आणि प्रकाशक दुसरा असेल, तर त्याचं ना-हरकत पत्र लागतं. वकिलामार्फत केलात तर वकीलपत्र लागतं.

फी भरली की डायरी नंबर येतो. तिथून 30 दिवस हरकतींसाठी थांबतात, त्यानंतर छाननी होते. त्रुटी निघाली तर ईमेलवर पत्र येतं आणि उत्तराला 30 दिवस मिळतात. इथे अनेकांचे अर्ज मरतात, कारण ईमेल सायबर कॅफेवाल्याचा दिलेला असतो. स्वतःचाच द्या. सगळं धरून काही महिने लागतात. ‘आठ दिवसांत सर्टिफिकेट’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो आठ दिवसांत देतो तो डायरी नंबर.

नकाशा ‘कलाकृती’ म्हणून वेगळा नोंदवता येतो. फॉर्ममध्ये तो एखाद्या वस्तूवर वापरला जाणार का, हे सांगावं लागतं. वापरला जाणार असेल तर फी 500 ची 2,000 होते, शिवाय ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला लागतो. मग तुमचा नकाशा फक्त पुस्तकात राहणार की मगांवरही जाणार, हे आधी ठरवा आणि खरं तेच भरा.

दोन फुकटचे शॉर्टकट आपल्याकडे फार चालतात. एक, हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं. दुसरा, नोटरीकडून पानापानावर शिक्के मारून घ्यायचे. दोन्हींतून फार तर तारीख दिसते. नोंदणीची जागा कोणीच घेत नाही, आणि शिक्क्यांचे पैसे मात्र पानाप्रमाणे लागतात.

आयएसबीएन

शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो. स्वतः लेखकही अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान तयार ठेवा. कागदी प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, एकच दोन्हीकडे टाकू नका. प्रकाशक ‘आमचा आयएसबीएन देतो’ म्हणाला तर त्या नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचं नाव राहतं. हे चालणार असेल तरच हो म्हणा. आणि आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे, काही दुकानांत दोन्ही एकच म्हणून विकतात.

छपाई : पैसा इथे गळतो

टायपिंगपासूनच सावध व्हा. बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. छपाईला ते चालतं, पण पुढे ई-बुक काढायचं म्हटलं की युनिकोड लागतं आणि रूपांतरात जोडाक्षरं फुटतात. नेहमीच्या शब्दांत चूक लगेच दिसते. तुमच्या बेटावरचं ‘ऱ्हाळगड’ मात्र मुद्रितशोधकाने आयुष्यात पाहिलेलं नसतं, त्यामुळे ‘र्हाळगड’ छापून आलं तरी त्याला खटकत नाही. म्हणून सगळ्या बनवलेल्या नावांची एक यादी करा, प्रिंट काढा, मुद्रितशोधकाच्या हातात द्या. टायपिंग पहिल्यापासून युनिकोडमध्येच करून घ्या, आणि कामाआधीच लिहून घ्या की शेवटी पीडीएफसोबत मूळ ओपन फाइलही मिळेल. नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला तेच पैसे पुन्हा. किती दुरुस्त्या फुकट आणि कितव्या प्रुफापासून पैसे, हेही आधीच विचारा.

पानांची संख्या 16 च्या पटीत बसवा. 160 पानं म्हणजे दहा फॉर्म. 163 झाली तर अकरावा फॉर्म जवळजवळ कोरा जातो, पैसे त्याचेही लागतात. शेवटचं प्रकरण तीन पानांनी आवळणं स्वस्त पडतं. नकाशा काळ्या रेषांत काढला तर तो मजकुरासोबतच छापला जातो. रंगीत म्हटलं की वेगळा कागद, वेगळी छपाई आणि प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवण्याची मजुरी. दोन पानांवर पसरलेला नकाशा द्यायचा असेल तर मधली अर्धा इंच जागा मोकळी सोडा. नाहीतर बेटाची राजधानी नेमकी बांधणीत जाते.

बेट समुद्रात नेमकं कुठे आहे हे दाखवायला कोपऱ्यात भारताचा किनारा काढणार असाल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच ठेवा. चुकीच्या सीमांबद्दल 1961 च्या कायद्यात शिक्षा आहे. फुकटच्या नकाशा-ॲपवर बेट काढलं असेल तर त्याच्या अटी वाचा. अनेकांची मोफत आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी असते; पुस्तक विकणं त्यात बसत नाही.

गोंदियातल्या छोट्या प्रेसचा मोठा धंदा लग्नपत्रिकांचा. लग्नसराईत आणि निवडणुकीत पुस्तक हातात धरायला कोणी मोकळं नसतं. पावसाळ्यात काम द्या, भावही बरा बसतो. नागपूरला छापलंत तर दर कदाचित कमी येईल, पण वर ट्रान्सपोर्टचं भाडं आणि दोन्हीकडची हमाली. 250 ग्रॅमची 500 पुस्तकं म्हणजे सव्वाशे किलो वजन.

कोटेशन नेहमी लेखी घ्या. त्यात प्रती, कागदाचे जीएसएम, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन, बांधणी, पॅकिंग आणि जीएसटी धरून की वेगळा, हे सगळं हवं. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण प्रेसच्या बिलात तो असू शकतो.

आता हिशेब करून बघा. समजा 300 प्रती, प्रेसचा दर प्रतीला 80 रुपये, म्हणजे 24,000. टायपिंग, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, नकाशा मिळून समजा 12,000. एकूण 36,000. किंमत 250 ठेवली आणि विक्रेत्याने 40 टक्के कापले तर तुमच्या हातात 150 येतात. खर्च निघायला 240 प्रती विकाव्या लागतील. ओळखीत वाटायच्या 60 प्रती यातून वजा झाल्याच. आकडे तुमच्या कोटेशनचे घाला, पण हा हिशेब 1,000 प्रतींचा मोह होण्याआधी करा. पलंगाखालच्या गठ्ठ्यांना वाळवी लागते.

चित्रकाराशी आणि प्रकाशकाशी करार

मुखपृष्ठाचे पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, असं गृहीत धरू नका. हक्क लेखी द्यावा-घ्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. प्रकाशकाशी करतानाही हेच कलम तुम्हाला वाचवतं, म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. 100 चा स्टॅम्प आता विसरा. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात करारनाम्याला किमान 500 चा लागतो. कराराबाहेरचंही एक : बेटावरच्या लोकांचा पेहराव, देव, नाच सालेकसा-देवरीकडच्या गोंडी गावांतून घेतला असेल तर त्या लोकांना दाखवून घ्या आणि ऋणनिर्देशात गावाचं नाव घाला. हे कायद्याने बंधनकारक नाही, पण करा. आणि नवेगावबांधच्या तलावातल्या माळडोंगरी बेटावरून तुमचं बेट सुचलं असेल, तर तिथे कोणाचीच परवानगी लागत नाही.

पहिलंच पुस्तक असेल तर छपाईला घाई नको. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पुस्तक आधी प्रकाशित झालेलं नसावं ही अट असते. अर्ज साधारणपणे जानेवारीत मागवतात. मंडळाचं त्या वर्षीचं निवेदन वाचूनच पाठवा. अर्ज करायला एजंट लागत नाही. निवडीची हमी देणारा भेटला तर तो खोटं बोलतोय.

ई-बुक ॲमेझॉनच्या केडीपीवर मराठीत काढता येतं, चढवायला पैसे लागत नाहीत. पॅन, बँक खातं आणि युनिकोड फाइल एवढं पुरतं. ‘केडीपी फी’ म्हणून कोणी मागितली तर तशी फी नाही.

स्वतः प्रकाशित केलंत तर प्रकाशक तुम्हीच, म्हणून 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चाने पाठवायची. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही एकेक. न पाठवल्यास दंड 50 रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. टपालात मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, अधिक कर. तुमचं पुस्तक त्यात बसतं का हे काउंटरवर आधी विचारा, नसेल तर स्पीड पोस्ट. चारही पावत्या जपून ठेवा.