एका थेंबाची बातमी

रक्त तपासायचे म्हटले की सुई आली. शिरेतून नळीभर रक्त काढतात.

अमेरिकेत एलिझाबेथ होम्स नावाच्या बाईने २००३ साली एक कंपनी काढली. तिचे नाव थेरानोस. बोट टोचून थोडे थेंब घेतले की आमचे यंत्र पुष्कळ तपासण्या करील, असे ती सांगे. धनिकांनी पैसा ओतला. मासिकांनी फोटो छापून वाहवा केली. पण यंत्र खरेच चालते का, हे पाहिले कोणी?

'वॉल स्ट्रीट जर्नल' या वर्तमानपत्राचा बातमीदार जॉन कॅरीरू याने ते पाहायचे ठरवले. कंपनीत काम केलेल्या माणसांना तो भेटला. डॉक्टरांना विचारले. स्वतःचे रक्त दोन ठिकाणी तपासून घेतले. निकाल जुळेनात! कंपनीने वकिलांकरवी धाक घातला. तो डगमगला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये बातमी आली. बहुतेक तपासण्या दुसऱ्यांच्या यंत्रांवरच होत होत्या.

निकाल चुकला, तर आजाऱ्याला खोटा धीर मिळतो. निरोग्याला उगाच धास्ती बसते. जिवाशीच खेळ हा!

२०१८ साली कंपनी बंद पडली. पैसे गुंतवणाऱ्यांना फसवल्याबद्दल २०२२ साली कोर्टाने होम्सबाईला ११ वर्षांहून जास्त कैद सुनावली.

छापले म्हणजे खरेच, असे नव्हे. वाचताना विचारावे : हे सांगतो कोण? माल विकणारा, की तपासून पाहणारा? बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो. बातमीचेही दात पाहावेत.