कॉम्प्युटर बूट होत नाहीये? आधी हात थांबवा!

मित्रांनो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी थोडं कच्चं आहे. सांभाळून घ्या!

आमचं गाव धाड, जिल्हा बुलढाणा. तिथे काकांचं कृषी केंद्र आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. रात्रभर लाइट नव्हती. सकाळी काकांनी पीसी चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. ओळखीचा एक रिपेअरवाला फोनवर म्हणाला, "विंडोज उडालं. फॉरमॅट मारावं लागेल."

काका गप्पच झाले. त्यात तीन वर्षांची उधारी होती. शेतकरी पेरणीला बियाणं-खत नेतात आणि कापूस, सोयाबीन विकल्यावर पैसे देतात. वही तर केव्हाच बंद केलेली.

मी म्हटलं, "काका, थांबा. अजून काहीच पुसलं गेलेलं नाही."

आता थोडी थिअरी. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम आधी चालू होतो. जुन्या मशीनमध्ये तो बायॉस, नव्यात यूईएफआय. तो रॅम वगैरे तपासतो, मग ठरलेल्या क्रमाने एकेका ड्राइव्हवर विंडोजचा लोडर शोधतो. वरचा मेसेज एवढंच सांगतो, की लोडर सापडला नाही. फाइली गेल्या, असं तो म्हणतच नाही!

म्हणून नियम एकच : डेटा आधी, दुरुस्ती नंतर. ज्यात ड्राइव्हवर काहीच लिहिलं जात नाही, ते काम पहिलं.

१. लावलेले पेनड्राइव्ह, सीडी काढा आणि पुन्हा चालू करून बघा. मशीन कधीकधी त्यांच्यातच विंडोज शोधत बसतं.

२. हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येतोय? लगेच बंद करा. पुन्हापुन्हा चालू केलं तर उरलेला डेटाही जाऊ शकतो. डेटा महत्त्वाचा असेल तर इथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्यांचं काम.

३. बायॉसमध्ये जा. बहुतेक वेळा डिलीट किंवा एफ२ दाबावं लागतं. ड्राइव्हचं नाव दिसतंय का? काहीही बदलण्याआधी मोबाइलने फोटो काढा. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

४. नाव दिसत नसेल तर मशीन बंद करून प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच साटा व पॉवर केबल काढून नीट बसवा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.

५. नाव दिसतंय, क्रमही बरोबर आहे, तरी विंडोज येत नाही? दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून चालू करा, ‘इन्स्टॉल’ नाही तर ‘ट्राय’ निवडा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चेकडिस्क, स्टार्टअप रिपेअर हे सगळं त्यानंतर, कारण ते ड्राइव्हवर लिहितात.

काकांच्या पीसीत काय निघालं? बायॉसमध्ये तारीख होती १ जानेवारी २००९! मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपला होता. रात्रभर लाइट नव्हती, म्हणून सेटिंग पुसल्या गेल्या आणि जुनी, विंडोज नसलेली हार्ड डिस्क क्रमात पहिली आली. विंडोज होतं दुसऱ्या ड्राइव्हवर, अगदी सुखरूप. नवा सेल टाकला, तारीख व क्रम नीट केला आणि विंडोज आलं.

पहिलं काम म्हणजे उधारीची फाइल दोन पेनड्राइव्हवर कॉपी केली. एक दुकानात, एक घरच्या कपाटात. काका म्हणाले, "पोरी, एका बटणाच्या सेलसाठी सगळी उधारी पुसून टाकली असती न मी!"

तेव्हा मित्रांनो, कुणी "फॉरमॅट मारतो" म्हणालं, की आधी विचारा, "डेटा काढला का?"